केंद्रकाच्या दारावरचा पास

लाल पेनाने मी आयुष्यात बऱ्याच फुल्या मारल्या, पण त्यातली एकच मला अजून जशीच्या तशी आठवते. चांगली मोठी फुली होती, सगळं उत्तर आपल्या पोटात घेतलेली. आणि तिच्याखाली मी सुवाच्य अक्षरात शेरा मारला होता, 'नोट्स नीट वाचा.' ज्या मुलीला मी हा उपदेश केला, तिने नोट्स नीट वाचल्या होत्या. मी वाचल्या नव्हत्या. नोट्स माझ्याच होत्या.

भूकंपाला तेव्हा दोन वर्षं होऊन गेली होती. औशाच्या पलीकडची गावं अजून पत्र्याच्या शेडमध्ये राहत होती. लातूर शहरात भिंतींना तडे गेले, पण घरं उभी राहिली, आणि त्या तडे गेलेल्या घरांत गल्लोगल्ली क्लासेस निघत होते. किनवट, उदगीर, देगलूर, कुठूनकुठून पोरं यायची. डोक्यावर ट्रंक, ट्रंकेवर गादीची वळकटी, आणि स्टँडवर उतरल्याबरोबर पहिला प्रश्न, "खोली हाय का कुठं?" मी मूळचा नांदेडचा. एमएस्सी करून बिलोलीच्या कॉलेजात तासिकेवर काही दिवस शिकवलं. मग लग्न झालं. बायको मुरुडजवळच्या झेडपीच्या शाळेत शिक्षिका, म्हणून लातुरात बिऱ्हाड केलं. माझ्या मुलांना वाटतं बाबांनी क्लासचा जमाना ओळखला होता. बाबांनी फक्त मुरुडची एसटी कुठून सुटते ते ओळखलं होतं.

ज्या क्लासमध्ये मी जीवशास्त्र शिकवायचो, त्याचे मालक भौतिकशास्त्र शिकवत. त्यांना सगळे मोठे सर म्हणत. क्लास भरायचा एका लांबलचक पत्र्याच्या हॉलमध्ये. उन्हाळ्यात आत भट्टी पेटायची, पण भूकंपानंतर ह्या पत्र्याला मोठा मान आला होता. पालक यायचे, निकाल विचारायच्या आधी मान वर करून छताकडे बघायचे आणि म्हणायचे, "स्लॅब न्हाई ना? मग बरं हाय." मोठ्या सरांनी जाहिरातीतही 'प्रशस्त पत्र्याचा हॉल' असं छापून घेतलं होतं. पत्र्याची जाहिरात करणारा क्लास पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल.

हॉलच्या फाटकावर चाचा बसायचे. त्यांचं सगळं घराणं लातुरातलं, वडील अत्तराचे व्यापारी. स्वतः चाचांनी तीस वर्षं टॉकीजच्या दारात उभं राहून तिकिटं फाडली होती. टॉकीज थंडावली, तेव्हा ते आमच्याकडे आले. प्रत्येक पोराकडे पुठ्ठ्याचा पास, त्यावर स्टेपल केलेला फोटो. चाचा पास बघायचे, पोराचा चेहरा बघायचे, दंडाला धरून सायकलींच्या गर्दीतून हॉलच्या दारापर्यंत न्यायचे आणि रिकाम्या हाताने परत फाटकावर यायचे. प्रत्येकाला नाही हं, नव्या पोरांना. जुनी पोरं चाचांना सलाम ठोकून स्वतः घुसायची.

ह्याच चाचांना मी त्या वर्षी पेशीत नेऊन बसवलं.

माझी शिकवण्याची पद्धत तेव्हा फार नावाजलेली होती, निदान माझ्या मते. पोरं मराठी माध्यमातून आलेली. अकरावीला एकदम इंग्रजी पुस्तक हातात पडलं की त्यांचे डोळे पांढरे व्हायचे. म्हणून मी प्रत्येक गोष्टीला आपल्याकडचा दाखला द्यायचो. पेशी म्हणजे गाव, केंद्रक म्हणजे गावातली कचेरी. सगळं रेकॉर्ड कचेरीत. पण कचेरीत काम करणारी माणसं, म्हणजे प्रथिनं, तयार होतात बाहेर, गावात. मग ती आत जाणार कशी? केंद्रकाला दुहेरी भिंत आहे, भिंतीला शेकडो दारं आहेत, त्यांना रंध्रं म्हणतात. किरकोळ रेणू सहज आत-बाहेर करतात, त्यांना कोणी विचारत नाही. पण अंगापिंडाने मोठ्या प्रथिनाला पास लागतो. हा पास वेगळा छापलेला नसतो. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ, त्या माळेतच चार-पाच मणी खास असतात, लायसिन आणि अर्जिनिन नावाचे, धन प्रभाराचे. बाहेर हिंडणारं एक वाहक प्रथिन ते मणी ओळखतं, त्यांच्या मालकाला धरतं आणि दारातल्या गर्दीतून आत नेतं.

"म्हणजे चाचा," असं मी म्हणायचो आणि दोनशे पोरं मागे वळून फाटकाकडे बघायची. चाचा हात वर करायचे. असा तास रंगायचा. इथपर्यंत माझं सगळं बरोबर होतं.

पण पुढे मी म्हणायचो, "आणि आत घेतलं की दारातच तो पास कापून टाकतात. टॉकीजमध्ये तिकीट फाडतात तसा."

हा विषय बारावीच्या पुस्तकात एवढा खोल नव्हता. पण मी एमएस्सीच्या नोट्समधून शिकवायचो, त्यामुळे आमचा क्लास इतरांच्या पुढे आहे असं मोठे सर पालकांना सांगत. त्या हिवाळ्यात एक टेस्ट झाली. तिच्या मार्कांवर पहिली बॅच निवडायची होती. पहिल्या शंभरांना शेवटचे दोन महिने सगळे सर स्वतः उजळणी देणार, बाकीच्यांनी मागच्या बॅचमध्ये आपलं आपण वाचायचं. प्रश्न मी काढला होता: 'केंद्रकात जाणाऱ्या प्रथिनाचा संकेत आत शिरताना कापला जातो. चूक की बरोबर? कारण द्या.' जवळजवळ सगळ्यांनी 'बरोबर' लिहिलं आणि माझीच वाक्यं मला परत दिली. एका मुलीने लिहिलं, 'चूक.' कारण लिहिताना तिचं इंग्रजी दोन शब्दांत संपलं होतं, पुढे तिने मराठीत लिहिलं होतं की पेशी दुभंगताना केंद्रकाची भिंत नाहीशी होते, मग नवी भिंत झाल्यावर आत जायला तोच संकेत पुन्हा लागणार.

त्यावर ती फुली.

यादी शनिवारी सकाळी फाटकावर लागली. त्या मुलीचं नाव शंभरात नव्हतं. एका मार्काने गेलं होतं. दुपारी मी फाटकाजवळ असताना ती पेपर घेऊन माझ्याकडे आली. सडपातळ, दोन घट्ट वेण्या, बोलताना समोरच्याकडे न बघता पेपरकडे बघायची सवय. औशाकडच्या पडलेल्या गावातली. तिच्या आईचा पाय भूकंपात निकामी झाला होता, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. तिनेच सांगितलं, आणि तेही तक्रार म्हणून नाही, हिशेब समजावून सांगावा तसं. वडिलांनी तिला एका अटीवर लातुरात ठेवलं होतं. पहिल्या बॅचला नाव आलं तर राहायचं, नाही आलं तर आईजवळ घरी यायचं, कारण आईला उठवायला-बसवायला घरात बाईमाणूस नाही. वडील सोमवारी येणार होते, ट्रंक न्यायला.

"मार्कासाठी वाद घालायला न्हाई आले सर," ती म्हणाली. "फक्त चुकलं कुठं ते सांगा."

मी म्हणालो, नोट्समध्ये स्वच्छ लिहिलंय, संकेत कापला जातो.

"पर सर, भिंत पडल्यावर आतलं-भायेरचं सगळं एकच झालं ना? मग कोन आतलं होतं हे कसं कळायचं?"

मी म्हणालो, ते विषयाबाहेरचं आहे.

तिने फुलीवर बोट ठेवलं. मग पेपरकडेच बघत म्हणाली, "आन् चाचा आमचा पास कधीच फाडत न्हाईत, सर."

फाटकावर चाचा ऐकत होते. त्यांनी मान न वळवता सांगून टाकलं, "सच्ची बात है सरजी. पास फाडा तो कल बच्ची कैसे आती? फाडना वो टाकीज का काम था."

मला राग आला. स्वतःच्याच दाखल्याने तोंडघशी पडणं फार वाईट असतं, त्यात पडलेला माणूस उठायला हातही कुणाला मागू शकत नाही. मी पेपर परत दिला आणि म्हणालो की दाखला हा दाखलाच असतो, तो फार ओढायचा नसतो. ती "बरं सर" म्हणाली आणि गेली. ते "बरं सर" मला घरापर्यंत सोबत करत आलं.

घरी बायको ज्वारी निवडत बसली होती. मी तिला सगळं सांगितलं, अर्थात माझी बाजू जरा उजळ करून. आजकालची पोरं, पुस्तक सोडून बोलतात वगैरे. ती पहिली-दुसरीला शिकवणारी. तिने फक्त विचारलं की भिंत खरंच विरघळते का. मी म्हणालो, हो, ते तर मीच शिकवलं, पेशीविभाजनाच्या पाठात. मग पोरगी चुकली कुठे, असं तिने विचारलं. मी म्हणालो, तुला नाही कळायचं, हे एमएस्सीचं आहे. ती पुन्हा ज्वारीकडे वळली. आमच्या घरात ती ज्वारीकडे वळली की समजायचं, खटला हरलो आहोत.

दुसऱ्या दिवशी तिच्या भाच्याचं बारसं होतं नांदेडला. सकाळच्या एसटीने निघालो. नोट्सची जाडी वही मी पिशवीत टाकली. ती कशाला, असं बायकोने विचारलं नाही, त्यामुळे मला आणखीच ओशाळल्यासारखं झालं. बारशाच्या जेवणानंतर पुरुषमंडळी लवंडली, तेव्हा मी वही काखेत मारून माझ्या जुन्या सरांकडे गेलो. त्यांनीच मला हा सगळा विषय शिकवला होता. आता निवृत्त होऊन वजिराबादेत राहत होते. अंगणात उन्हाला बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. मला बघून त्यांनी अर्धं सूप माझ्यापुढे सरकवलं. त्यांच्याकडे गेलं की कामाला लागावंच लागायचं, कॉलेजातही तसंच होतं.

मी सोलता सोलता सहज विचारल्यासारखं विचारलं, "सर, केंद्रकाचा संकेत आत गेल्यावर कापतात ना?"

त्यांनी हातातली शेंग तशीच ठेवली. "कोण म्हणतं?"

मी वही उघडून दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, पान वाचलं, मागचं वाचलं, पुन्हा पुढचं वाचलं. मग हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, आतून बाईंनी पाणी आणून दिलं.

"अरे बाबा, हे पान इथलं नाही. हे दुसऱ्या दाराचं पान आहे. पेशीत जाळीचा कारखाना असतो, अंतर्द्रव्यजालिका, तिथे शिरणाऱ्या प्रथिनांचा संकेत कापतात. तिथून माल परत यायचाच नसतो. केंद्रकाचं तसं नाही. पेशी दुभंगते, भिंत जाते, सगळे रस्त्यावर येतात. पुन्हा भिंत झाली की प्रत्येकाला परत आत जायचंय. पास कापून चालेल का?" आणि शेंग उचलत म्हणाले, "काय करून ठेवलंस हे? पान कुणी लावलं?"

पान कुणी लावलं ते मला तिथेच, तुरीच्या शेंगा सोलताना आठवलं. भूकंपाच्या पहाटे आमच्या खोलीतली फळी पडली होती. तिच्यावर माझ्या नोट्स होत्या, सुट्या पानांच्या, सुतळीने बांधलेल्या. सुतळी सुटली आणि अख्खं जीवशास्त्र जमिनीवर पसरलं. आम्ही आठ दिवस मैदानात राहिलो, चादरी बांधून. परत घरात आलो तेव्हा बायकोने ती पानं गोळा केली, दाभणाने शिवली, वर कॅलेंडरचं कव्हर घातलं. पानांवर आकडे नव्हते. मला कधी आकडे लागायचेच नाहीत, कारण सगळा विषय माझ्या डोक्यात आहे असा माझा समज होता. त्यात दुर्दैव असं की केंद्रकाच्या पानाचं शेवटचं अर्धं वाक्य आणि ह्या परक्या पानाचं पहिलं अर्धं वाक्य एकमेकांना असं चिकटलं, जसं काही एकाच दिवशी लिहिलेलं. 'वाहक प्रथिन त्याला दारातून आत नेते आणि' इथे पान संपत होतं. 'नंतर संकेत कापून टाकला जातो' इथे पुढचं सुरू होत होतं. मी भूकंपाने जोडलेलं वाक्य मोठ्या ऐटीत शिकवत होतो.

परतीच्या एसटीत मी बायकोला सांगितलं. सांगताना नैसर्गिक आपत्तीवर जरा भर दिला, आणि मग थोड्या हलक्या आवाजात म्हणालो, "म्हणजे बघ, पानं तू शिवलीस."

"शिवली मी," ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली. "शिकवली तुम्ही."

लोह्यापर्यंत मी वहीवरचे दाभणाचे टाके मोजत बसलो.

सोमवारी सकाळी सात वाजता मी मोठ्या सरांच्या खोलीत गेलो. ते डिंकाने पेपरचे गठ्ठे चिकटवत होते. सगळं ऐकून त्यांनी शांतपणे सांगितलं की मुलीचा एक मार्क वाढवा, नाव यादीत खाली लिहून टाका, बेंच एक जास्त लावू. पण वर्गात काही बोलू नका. आज एक चूक कबूल केली की उद्या प्रत्येक बाप पेपर घेऊन दारात उभा राहणार. त्यांचं म्हणणं वाईट नव्हतं. खरं सांगायचं तर मला ते फार आवडलं. मुलगी राहील, माझी अब्रू राहील, दोन्ही एकाच पेनाने. मी फाटकावर गेलो आणि यादीत एकशे एकावं नाव लिहिलं.

तिथेच तिचे वडील उभे होते. उंच, डोक्याला रुमाल, बाजूला ट्रंक आणि वळकटी, शेजारी ती मुलगी. म्हणजे खोली सोडूनच आले होते. चाचांनी त्यांना आपलं स्टूल दिलं होतं, पण ते बसले नव्हते. मी आनंदाने पुढे होऊन सांगितलं की नाव लागलंय, मार्क वाढलाय, ट्रंक परत न्या.

त्यांनी यादीकडे बघितलं. शंभर नावं टाइप केलेली आणि खाली एक पेनाने लिहिलेलं, अजून शाई ओली.

"सर, एक इचारतो, राग मानू नका," ते म्हणाले. "पोरीला मार्क पडला, का आमी भूकंपवाले म्हून दिला?"

मी म्हणालो, पडला.

"शनवारी नव्हता पडलेला."

मी म्हणालो, तपासताना जरा राहून गेलं होतं.

ते मान हलवत राहिले. "दोन वर्सं झाली सर. लोक येतेत, ब्लँकेट देतेत, फोटू काढतेत. चांगली मानसं हायेत, नावं ठेवत न्हाई. पर पोरीनं समदं आपल्या हातानं करावं म्हून हितं पाठीवली. मार्क बी मदतीतच मिळायला लागला, तर मंग आईजवळ ऱ्हाती ती. तितं तरी तिचं काम तिचं हाय." आणि त्यांनी ट्रंकेच्या कडीला हात घातला.

मुलीने माझ्याकडे बघितलं, पहिल्यांदाच पेपरकडे न बघता. मला तिचा चेहरा आज आठवत नाही, पण ते बघणं आठवतं.

मी वडिलांना म्हणालो, "एक तास बसा. तास संपल्यावर न्यायची तर खुशाल न्या, मी स्वतः ट्रंक स्टँडवर नेऊन देतो."

चाचांनी त्यांच्या दंडाला धरलं, अगदी नव्या पोराला धरतात तसं, आणि सायकलींमधून मागच्या बेंचवर नेऊन बसवलं. मोठे सर खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. भूकंपाच्या दिवशीही मला एवढी भीती वाटली नव्हती, तेव्हा निदान अख्खं शहर सोबतीला होतं.

मी फळ्यावर केंद्रक काढलं, भिंत काढली, दारं काढली. आणि दोनशे पोरांना सांगितलं की मी तुम्हाला चुकीचं शिकवलं. पान कसं इकडचं तिकडे झालं तेही सांगितलं. हॉलमध्ये हसू पिकलं. मग मी त्यांना तीन दारं नीट सांगितली. जाळीच्या कारखान्यात जाणाऱ्याचा पास कापतात. मायटोकॉन्ड्रियात जायचं तर प्रथिनाला घडी मोडून, धाग्यासारखं सरळ होऊन शिरावं लागतं आणि तिथेही पास कापतात. केंद्रकाचं दार मात्र मोठ्या मनाचं आहे. तिथे प्रथिन आपल्या घडीसकट, अंगभर तयार होऊन, जसं आहे तसं आत जातं. दारात धाग्यांची दाट झुलती जाळी असते, परक्याला ती अडवते, वाहकाला मात्र वाट देते. आत गेल्यावर तिथलंच एक छोटं प्रथिन वाहकाला येऊन भिडतं, वाहकाची पकड सुटते, पाहुणा आत राहतो आणि वाहक पुढच्याला आणायला बाहेर जातो. पाहुण्याचा पास पाहुण्याच्याच अंगावर राहतो. ह्या वाहकाचं इम्पॉर्टिन आणि त्या छोट्या प्रथिनाचं रॅन ही नावं मला तेव्हा माहीत नव्हती. ती मी पुढे माझ्या मुलीच्या पुस्तकात वाचली आणि घरात दोन दिवस सगळ्यांना ऐकवत हिंडलो.

"का राहतो पास?" मी विचारलं. "हे दोनशेतल्या एकीने लिहिलं होतं. तिच्या उत्तरावर मी फुली मारली." आणि तिला उभं केलं.

ती उभी राहिली. ती म्हणाली, "पेशी दुभंगायच्या टायमाला भिंत ऱ्हात न्हाई. आतले समदे भायेर येतेत, भायेरच्यात मिसळतेत. मंग दोन नव्या भिंती होतेत. तवा ज्याचं काम आत हाय त्याला परत आत जावं लागतं. आमच्या शेडला तसंच झालं. पहिल्यांदा शेड नंबरचं कार्ड दिलं, लोकांना वाटलं झालं काम, फेकून दिलं. शेड बदलायची पाळी आली तवा ज्यांच्याजवळ कार्ड होतं त्यांनाच लगेच आत घेतलं. बाकीच्यांना परत समदं सांगत बसावं लागलं, आमी कोन, कुठले. म्हून मला वाटलं, पेशी एवढी येडी नसंल."

मी फळ्यावर तिचं उत्तर लिहिलं, तिच्याच शब्दांत. शेवटचं वाक्य इंग्रजीत कसं करायचं ते मला आजही जमलेलं नाही.

मागच्या बेंचवरून वडिलांनी हात वर केला. पोरं वळून बघायला लागली. त्यांनी विचारलं, "सर, मंग तो पास किती दिस टिकतो?"

"प्रथिन आहे तोवर," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली, पूर्ण समजल्यासारखी. तास संपल्यावर ते बाहेर आले, वळकटी उचलून मुलीच्या हातात दिली, ट्रंक स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि स्टँडकडे न जाता तिच्या खोलीच्या गल्लीकडे वळले. जाताना मला म्हणाले, आईचं बघतो मी, दोन महिनेच तर हायेत. दुसऱ्या दिवशी मोठ्या सरांनी यादी नव्याने टाइप करून लावली, एकशे एक नावांची, पेनाने लिहिलेलं त्यात काहीच नव्हतं. आणि पालक पेपर घेऊन दारात उभे राहिलेच. पुढचा आठवडा मी त्यांना पेपर दाखवण्यात घालवला. त्यात रसायनशास्त्राच्या सरांच्या चार चुका सापडल्या. त्यांनी मला पुढे कित्येक महिने चहाला बोलावलं नाही.

त्या पत्र्याच्या हॉलच्या जागी आता काचेची इमारत आहे. मुलं बोट टेकवून आत जातात, दंडाला धरून कुणी नेत नाही. मी लातूरला गेलो की त्या रस्त्यावरून जातो आणि उगाच मान वर करून छताकडे बघतो.

त्या सोमवारी संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा बायको नुकतीच मुरुडहून आली होती, पाय धुऊन चहाचं आधण ठेवत होती. मी तिला सगळं रंगवून सांगितलं. फळा, दोनशे पोरं, मागच्या बेंचवरचे वडील, ट्रंक परत फिरली ते. मोठ्या मनाने मी चूक कबूल केली, हे वाक्य मी बहुतेक दोनदा म्हणालो. तिने शेवटपर्यंत ऐकलं, मध्ये एकदाही ज्वारीकडे वळली नाही. कपात चहा गाळला, माझ्या हातात दिला आणि म्हणाली,

"लई चांगलं केलंत. आता भूकंपानंतर शिकून गेलेल्या दोन बॅचेसना कोण सांगणार, अहो? त्यातली काही पोरं डॉक्टर व्हायला गेलीत."